सकाळच्या हवेचा हिशेब

डिसेंबर उजाडला की पेपरात एक बातमी हमखास येते. राज्यात कुठे किती थंडी पडली त्याची. नगरचं नाव त्या यादीत बऱ्याचदा अगदी वरच्या ओळींत असतं. मग पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन येतात, ''काय गं, तुमच्याकडे म्हणे सगळं गारठून गेलंय!'' आणि आपणही जरा ऐटीतच सांगतो, ''हो ना, पाण्यात हात घालवत नाही!'' (२०२४ साली शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पण बोलताना तोंडात अजून 'नगर' बसलेलं आहे, तेव्हा इथेही ते तसंच आलं तर समजून घ्या.)

थंडीचं कौतुक असू द्या. पण त्याच पेपरात आतल्या पानावर हवेच्या प्रदूषणाची बातमी असते. तिच्यात दिल्ली असते, मुंबई असते, हल्ली पुणंही असतं. नगर सहसा नसतं. त्यामुळे आपल्याकडे एक समजूत घट्ट झाली आहे, की प्रदूषण हा मोठ्या शहरांचा रोग. आपल्याकडे काय, मोकळी हवा! आमच्या महिला मंडळात मी हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, ''अहो, आपलं काय ते दिल्लीसारखं आहे का?''

दिल्लीसारखं नाहीच. पण मला जे समजलं आहे ते असं, की ज्या कारणांनी नगरला एवढी कडाक्याची थंडी पडते, त्याच कारणांनी थंडीतल्या सकाळी नगरची हवा बिघडते. आणि ही बिघडलेली हवा सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ती दिवसाच्या ठरावीक वेळी येते, आणि त्या वेळी घराबाहेर किंवा चुलीपुढे कोण असतं, याचा हिशेब मांडला तर त्यात बायका आणि मुलंच जास्त निघतात. म्हणून हा विषय 'पर्यावरणवाल्यांचा' म्हणून सोडून देता येत नाही.

आधी आपलं गाव कुठे वसलंय ते पाहू. नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला आहे. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई आहे, घाटघर-रतनवाडी आहे. तिथे पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ढग तिथे रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत येईतो त्यांच्यात फारसं काही उरत नाही. शहरात वर्षाला साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर, बस्स. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणून घोकलं होतं, तो हाच. एकाच जिल्ह्यात एका टोकाला घरांच्या भिंतींना शेवाळ आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट बघणारे हंडे, असं हे आपलं घर आहे.

शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर आहेत. मनमाड रस्त्याला विळद घाट, संभाजीनगर रस्त्याला इमामपूर घाट, डोंगरगण-मांजरसुंब्याकडचा गोरक्षनाथ गड, आणि पाथर्डी रस्त्याला शहा डोंगर. या शहा डोंगरावरच्या वास्तूला आपण चांदबीबीचा महाल म्हणतो, प्रत्यक्षात ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. या सगळ्याच्या मधे, सीना नदीच्या काठी, शहर बसलेलं. खोल वाडगा म्हणावा असं नाही, पण काठ थोडेसे उचललेली परात म्हणायला हरकत नाही. थंडीत सकाळी लवकर चांदबीबी महालावर फिरायला जाणाऱ्यांना विचारा. वर आभाळ निळं, स्वच्छ, आणि खाली शहरावर मळकट रंगाचा एक पट्टा आडवा पसरलेला दिसतो. लोक त्याला धुकं म्हणतात. खरं धुकं असतंही कधीकधी. पण तोंडाला कडवट लागणारं, घसा खवखवायला लावणारं ते सगळं धुकंच असतं असं नाही.

हे कसं होतं ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. एरवी जमिनीजवळची हवा तापते, हलकी होते आणि वर जाते. तिच्याबरोबर धूर, धूळ सगळं वर जाऊन विरून जातं. झाकण न ठेवलेल्या पातेल्यातल्या वाफेसारखं. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते. पांघरूणच नाही ना अंगावर! जमिनीला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्या वरची हवा मात्र तुलनेने गरम राहते. थंड हवा जड, ती खालीच बसते. वरची गरम हवा झाकणासारखी. शास्त्रज्ञ याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. आपण 'झाकण पडलं' म्हणू. त्यात वारा पडलेला असला की संपलंच. रात्री आणि पहाटे जो काही धूर आपण सोडू तो त्या झाकणाखाली, आपल्या नाकाच्या उंचीला साठत राहतो. डोंगरउताराची थंड हवाही पाण्यासारखी सखल भागाकडे, नदीकडे वाहत येते. नागापूर-बोल्हेगावकडून शहराच्या पश्चिमेने जाणारी सीनेची सखल पट्टी म्हणजे या हवेची वाटच.

सूर्य वर आला, जमीन तापली की साधारण नऊ-साडेनऊपर्यंत हे झाकण उघडतं. पण उघडता उघडता आणखी एक गंमत होते. रात्रभर उंच धुराड्यांचा जो धूर झाकणाच्या वर किंवा मधे तरंगत राहिलेला असतो, तो हवा घुसळली जायला लागली की आधी खाली येतो आणि मग पांगतो. म्हणजे ऐन आठ-नऊच्या सुमाराला. दुपारी बारा वाजता गच्चीत उभं राहिलं तर वाटतं, किती छान हवा आहे आपली! आणि संध्याकाळी सूर्य कलला, घरोघरच्या गाड्या परतायला लागल्या की झाकण पुन्हा पडायला सुरुवात.

वर्षाचंही असंच चक्र आहे. जून ते सप्टेंबर पाऊस कमी असला तरी वारा असतो, जमीन ओली असते, हवा धुतली जाते. दसरा झाला, पाऊस परतला की वारा पडतो. दिवाळीच्या फटाक्यांपासून ते साधारण फेब्रुवारीपर्यंत झाकणाचे दिवस. मार्चनंतर झाकण सुटतं, पण मग धूळ सुरू होते. उन्हाळ्यात कुरडया-पापडाचं वाळवण गच्चीत घालणाऱ्या प्रत्येकीला वावटळ म्हणजे काय ते माहीत आहे. पातळ सुती कापड वरून घातलं नाही तर संध्याकाळी कुरडईबरोबर नगरची मातीही खावी लागते! ही धूळ आपल्याला डोळ्यांनी दिसते म्हणून आपण तिच्यावर चिडतो. हिवाळ्यातले बारीक कण दिसत नाहीत, म्हणून त्यांचा राग येत नाही. खरा धोका त्यांचाच जास्त. 'पीएम २.५' असं ज्यांना म्हणतात ते कण आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात आणि तिथून रक्तात जातात.

आता या झाकणाच्या वेळात, म्हणजे पहाटे पाच ते नऊ, कोण बाहेर असतं ते बघा. नगर हे आता नुसतं जिल्ह्याचं गाव राहिलेलं नाही. २००३ साली महापालिका झाली. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, भिस्तबाग अशी उपनगरं फुगत गेली आणि इथून रोज 'अप-डाऊन' करणाऱ्यांची संख्याही वाढत गेली. सुप्याच्या एमआयडीसीत, त्याच्याही पुढे पुणे जिल्ह्यात रांजणगावला पहिल्या पाळीला जाणारी मुलं-मुली उजाडायच्या आत केडगावला, सक्कर चौकात, किनेटिक चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात. खेड्यातल्या शाळेवर जाणाऱ्या शिक्षिका, प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्युटीला निघालेल्या नर्स, त्यांच्या शेजारून जाणारे ट्रक आणि ट्रेलर. पुणे, संभाजीनगर, मनमाड, सोलापूर, कल्याण, पाथर्डी, जामखेड, सगळे रस्ते आपल्याच गावात येऊन मिळतात. बाह्यवळण रस्ता झाला, २०२२ साली उड्डाणपूल झाला, त्याने कोंडी थोडी कमी झाली. पण पुलाखाली उभ्या असलेल्या बाईला वरच्या पुलाचा काय उपयोग?

अशाच एका कंपनीत जाणारी आमच्या गल्लीतली मुलगी मला म्हणाली, ''काकू, बस यायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात स्कार्फ काळा होतो.'' तिच्या आईने दोन स्कार्फ घेऊन दिलेत, एक धुवायला, एक वापरायला. यापेक्षा वेगळं प्रदूषण मोजायचं यंत्र मला तरी घरात ठेवता येणार नाही! गच्चीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर सकाळी काजळीचे ठिपके असतात की नाही, खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर किती काळं होतं, हे आपण बायका वर्षानुवर्षं बघत आलो आहोत. साखर कारखान्यांच्या भागात राहणाऱ्या मैत्रिणींना तर बॉयलरची राख अंगणात पडते तेव्हा गळीत हंगाम सुरू झाल्याचं कळतं.

आणि रस्ते झाडणाऱ्या मावशी. त्या तर ऐन झाकणाच्या वेळेला, रस्त्यावरची सगळी धूळ स्वतःच्या तोंडावर उडवत असतात. आपण मॉर्निंग वॉकला जाताना नाकाला रुमाल लावून त्यांच्या बाजूने भराभर पुढे जातो. त्या तिथेच असतात. आपल्या आज्या-आया अंगण झाडायच्या तेव्हा आधी पाण्याचा शिपका मारायच्या, मग खराटा. सडा घालणं हे काही नुसतं शोभेचं नव्हतं, धूळ बसवायची ती साधी युक्ती होती. अंगणाला जे कळत होतं ते आपल्या रस्त्यांना अजून कळलेलं नाही. झाडून झालेला पाला-कचरा कोपऱ्यात गोळा करून काडी लावली जाते, तीही याच वेळेला. थंडी आहे, चार माणसं शेकतात, कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. प्लॅस्टिकची पिशवी, चहाचे कप, तुटकी चप्पल, सगळं त्यात जळतं.

हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकारात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. म्हणजे नियम नाही असं नाही. पण दंड कुणाला करणार? ज्या मावशीला ढीग उचलायला वेळेवर गाडी मिळत नाही तिला? दंडाची पावती फाडणं सोपं, गाडी वेळेवर पाठवणं अवघड. आणि खरं बोलायचं तर बंगल्याच्या मागे वाळका पाला पेटवणारे आपणच असतो.

मग प्रश्न येतो, एवढं सगळं असेल तर सरकारी यादीत नगर का नाही? केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आली. मजा बघा, आपल्या जिल्ह्याला खेटून असलेल्या जिल्ह्यांची ठाणी, म्हणजे पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, ही सगळी त्या यादीत आहेत. ज्याला लोक 'झोपायला घरी यायचं गाव' म्हणतात ते बदलापूरही आहे. रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांचं ते गाव उल्हास नदीच्या खोऱ्यात, माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे, आणि हिवाळ्यात त्याचीही गत हीच, वर डोंगर, खाली झाकण. चहूबाजूंनी शेजारी आजारी आणि मधलं आपलं घर तेवढं ठणठणीत, असं कधी असतं का?

याचं उत्तर ती यादी कशी केली त्यात आहे. मुख्यतः २०११ ते २०१५ या वर्षांत ज्या शहरांत हवेची नियमित मोजणी होत होती आणि ती सलग प्रमाणापेक्षा वाईट निघत होती, ती शहरं यादीत घेतली गेली. म्हणजे मोजलं, नापास झालात, तर यादीत. ज्यांचं पुरेसं मोजलंच नाही, त्यांच्या नापास होण्याचा प्रश्नच आला नाही. यादीत नाव नाही याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा होत नाही. डॉक्टरकडे न गेलेल्या माणसाच्या फाइलमध्ये आजाराची नोंद नसते, तसंच हे. आणि यादीतल्या शहरांना निधी मिळाला, रस्ते झाडायची यंत्रं मिळाली, हवा मोजायची केंद्रं मिळाली. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं.

आता मोबाइलवर हवेचा आकडा सगळ्यांनाच दिसतो. त्यातही दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक म्हणजे जवळ मोजणी केंद्र नसलं तरी काही अ‍ॅप उपग्रहाच्या माहितीवरून आणि गणितावरून अंदाजाचा आकडा दाखवतात. तो अंदाज असतो, मोजमाप नव्हे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या देशात २०१५ पासून वापरात आलेला हवेचा निर्देशांक, ज्याला एक्यूआय म्हणतात, तो धूलिकणांच्या बाबतीत चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, पुढे वाईट, अतिवाईट आणि गंभीर. पण सरासरी म्हणजे काय? दुपारची लख्ख हवा आणि पहाटेची कोंदट हवा मिसळून काढलेलं सार. दुपारी एसी केबिनमध्ये बसणाऱ्याला आणि पहाटे बसस्टॉपवर उभं राहणाऱ्या मुलीला एकच आकडा. घरात पाच माणसांत मिळून दहा पोळ्या, म्हणजे सरासरी दोन. त्यातल्या चार एकाने खाल्ल्या आणि शेवटी बसलेल्या सुनेला अर्धी मिळाली, हे सरासरीत दिसतच नाही. हवेचंही तसंच.

प्रमाणाचीही गोष्ट आहे. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ चे कण एका दिवसात सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ ठेवली. आपल्याला कागदावर 'समाधानकारक' म्हणून जी हवा दाखवली जाते, ती जगाच्या मापाने पुरेशी चांगली असेलच असं नाही. घाबरवायला नव्हे, पण 'समाधानकारक' हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नये म्हणून सांगते.

हा विषय निघाला की सगळ्यांची बोटं लगेच एमआयडीसीच्या धुराड्यांकडे वळतात. कारखान्यांनी नियम पाळायलाच हवेत, त्यात सूट नको. पण पहाटेच्या झाकणाखाली एकटा कारखाना नसतो. खड्डेमय रस्त्यांची धूळ असते. मनमाड रस्त्याने जाणाऱ्याला त्याबद्दल मी काय सांगावं! खडी क्रशरची भुकटी असते, डिझेलचा धूर असतो, झाकण न घालता वाळू-मुरूम नेणारे डंपर असतात, उत्तरेकडच्या ऊसपट्ट्यात पेटवलेलं पाचट असतं. आणि आपले बंब असतात. हो, बंब! नगरच्या थंडीत अंघोळीचं पाणी बंबात तापवायची सवय अजून कितीतरी घरांत आहे. पहाटे पाचला एका गल्लीत चार बंब पेटले, आणि त्यात लाकडाबरोबर जुने पुठ्ठे, प्लायवूडचे तुकडे, नारळाच्या शेंड्या गेल्या, की त्या गल्लीची हवा कुणा कारखान्याने बिघडवलेली नसते.

घराच्या आतलं तर आणखी वेगळं. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस पुष्कळ घरांत पोचला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली साधारण पाचातली चार घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरतात असं दिसलं. चांगलीच गोष्ट आहे. पण पाचवं घर राहिलंच ना? आणि चार घरांत गॅस आहे म्हणजे चूल विझली असं नाही. बचत गटाच्या कामानिमित्त मी खेड्यांत जाते. एका घरात शेगडी लख्ख पुसून, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेली. चूल मात्र धगधगत होती. त्या घरच्या मावशी म्हणाल्या, ''पाव्हनं आलं की गॅस. आपल्याला काय, चुलीवं भागतंय.'' सिलिंडर भरायला एकदम एवढे पैसे काढायचे, ते नवऱ्याच्या हातात, आणि सरपण गोळा करायची मेहनत हिच्या अंगावर. ती मेहनत कुणाच्या हिशेबात धरली जात नाही, म्हणून चूल फुकट वाटते. पहाटे बाहेर झाकण पडलेलं, थंडी म्हणून दार-खिडकी लावलेली आणि आत ती फुंकणीने फुंकतेय. तिच्या छातीत जो भरतो त्या धुराचा आकडा कुठल्याच अ‍ॅपवर येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की नगरसारख्या गावात हवेचा प्रश्न 'किती' इतकाच 'कधी' याचाही आहे. डोंगर हलवता येणार नाहीत. थंडी थांबवता येणार नाही. पण त्या चार तासांत आपण काय जाळतो, काय झाडतो आणि कुणाला बाहेर उभं करतो, हे बदलता येईल.

याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात घडलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. कारण दिलं होतं मुलांच्या झोपेचं. पण नगरच्या दृष्टीने बघा, तो निर्णय हवेच्या बाजूनेही किती शहाणपणाचा आहे! लहान मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात आणि त्यांचं नाक ट्रकच्या सायलेन्सरच्या जास्त जवळ असतं. ज्या पालकांना 'आमची ऑफिसची वेळ बिघडते' म्हणून ही वेळ नकोशी वाटते, त्यांनी हाही विचार करावा. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदानावरची कवायत पहिल्या तासाऐवजी शेवटच्या तासाला घ्यायला शाळांना कुणाची परवानगी लागणार आहे?

रस्ते झाडायची वेळ थंडीत पुढे ढकलावी, असं मी मंडळात सुचवलं. तेव्हा एक वहिनी चटकन म्हणाल्या, ''अहो, पण त्या बायकांना विचारलंत का?'' अगदी बरोबर. नंतर दोघीतिघींशी बोलले. एकीचं म्हणणं, ''उशिरा चालू केलं तं घरी जायला तीन वाजतील, पोरांचं कोन बगनार?'' दुसरी म्हणाली, ''गाड्या वाढल्यावर झाडायचं म्हंजे आंगावरच येत्यात.'' म्हणजे आपल्या फायद्यासाठी त्यांची वेळ बदलून चालणार नाही. त्यांना हवंय ते वेगळंच आहे. झाडायच्या आधी पाण्याचा टँकर फिरावा, चांगला मास्क मिळावा, आणि ढीग उचलायला गाडी वेळेवर यावी, म्हणजे पेटवायची वेळ येणार नाही. पिण्याचं पाणी नको त्यासाठी, सांडपाणी शुद्ध केलेलं चालेल. मागणी साधी आहे. ती त्यांच्या तोंडून आली तर कुणी ऐकणार नाही, वॉर्डातल्या पन्नास बायकांच्या सह्यांनी आली तर ऐकावं लागेल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांना उंच पत्रे लावा, हिरवं कापड बांधा, पाणी मारा, डंपर झाकून न्या, चाकं धुऊनच बाहेर काढा, असे नियम काढले. यातल्या कुठल्या गोष्टीला मोठं शहर असावं लागतं? सावेडीत, केडगावात गल्लोगल्ली इमारती उभ्या राहतायत. बांधकामाची परवानगी देताना हीच अट घातली तर कुणाचं काय बिघडेल?

आणि आपल्या घरापुरतं? ज्यांना परवडतं त्यांनी बंब आधी बंद करावा, सोलर किंवा गीझर घ्यावा. गरिबाच्या चुलीला नावं ठेवण्याआधी आपला बंब विझवायला हवा. ज्यांना नाहीच परवडत त्यांनी निदान त्यात प्लॅस्टिक, रंगाचं लाकूड घालू नये. बागेतला पाला एका कोपऱ्यात खड्डा करून कुजवावा, वर्षाने सोन्यासारखं खत मिळतं. घरात दम्याचं माणूस असेल तर थंडीत त्यांचं फिरणं सकाळी सहाऐवजी दहाला करावं. 'पहाटेची हवा औषधी' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरं होतं तेव्हा रस्त्यावर एवढ्या गाड्या नव्हत्या. बचत गटांनी आणखी एक करावं. पापड-मसाल्याला कर्ज देतो तसं सिलिंडर भरायला छोटं, बिनव्याजी उसनं द्यावं. आमच्याकडे दोन गटांनी सुरू केलंय. रक्कम लहान आहे, पण त्यामुळे सिलिंडर भरायचा की नाही हे ठरवताना बाईचंही मत धरलं जातं.

शेवटची आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी मागणी मोजणीची. नागापूरला, बसस्थानकाजवळ, केडगावला आणि एखाद्या शाळेच्या दाराशी हवा तासातासाला मोजली जावी, आणि नुसती दिवसाची सरासरी न सांगता सकाळी सहा ते नऊचा आकडा फळ्यावर लिहिला जावा. एमआयडीसीत राहणाऱ्याला कळेल त्याच्याकडे काय आहे, भिंगारच्या लष्करी भागातल्या झाडांजवळ राहणाऱ्याला कळेल झाडांनी किती फरक पडतो. आकडा चांगला निघाला तर आनंदच आहे, पेढे वाटू. वाईट निघाला तर निदान कुणाकडे जायचं, काय मागायचं ते कळेल.

मैत्रिणींनो, येत्या वॉर्डसभेत, ग्रामसभेत पाणी-गटार-दिव्यांच्या यादीत हवाही लिहा. पाणी गढूळ आलं तर आपण बादली घेऊन नगरसेवकाच्या दारात जातो. हवा बादलीत भरून नेता येत नाही, एवढाच काय तो फरक.